सही करायची का तार तोडायची?

पत्र करवीर तालुक्यातल्या एका गावातनं आलंय. लिहिणाऱ्या ताई शाळेत शिकवतात आणि घरची शेतीपण त्याच बघतात, मिस्टर पुण्यात कंपनीत. थोडक्यात असं, की १९८३ ला सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ यांची वाटणी झाली, रस्त्याकडचा तुकडा थोरल्यांना आणि नदीकडचा यांना. तेव्हापासून यांची बैलगाडी, पुढं ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, सगळं थोरल्यांच्या रानातनं जायचं, कुणी कधी अडवलं नाही. थोरले वारले, पोरांनी रान विकलं, घेतलं कोल्हापुरातल्या एका गृहस्थांनी, त्यांना तिथं फार्महाऊस बांधायचंय. गौरी-गणपती झाल्यावर त्यांनी तारेचं कंपाउंड घातलं, वाटेवर गेट आणि गेटला कुलूप. वर एक स्टॅम्प पेपर पाठवलाय, "माणुसकीच्या नात्याने चालू हंगामातील ऊस तोडीपुरती जाण्या-येण्याची तात्पुरती परवानगी देत आहे", खाली सासऱ्यांनी सही करायची. सासरे म्हणतात करूया सही, भांडण कशाला, ऊस तर बाहेर पडंल. दीर म्हणतो वाट आमच्याच मालकीची, रात्री चार पोरं घेऊन जातो आणि तार तोडतो. दुसऱ्या बाजूला नदीकडनं एक पाणंद आहे पण पावसाळ्यात ती पाण्याखाली असते आणि एरवीपण तिथनं ट्रॅक्टर जात नाही. ताई विचारतात, सातबारावर रस्ता नाही म्हणजे आमचा हक्क नाहीच ना, मग या दोघांतलं कुणाचं ऐकू?

ताई, कुणाचंच नको. पण दोघांत जास्त धोक्याचं काय म्हणाल तर मी सासऱ्यांची सही म्हणेन, दिराची पक्कड त्याच्या खाली. तार तोडली तर केस होईल, दंड होईल, मनस्ताप होईल पण हक्क जिथल्या तिथं राहील, आणि सही केली तर भांडण होणार नाही, ऊस पण जाईल, फक्त पुढच्या दिवाळीला तुमच्याकडं मागायला काही उरलेलं नसेल.

कसं ते सांगतो. दुसऱ्याच्या रानातनं जायचा जो हक्क असतो त्याला वकील लोक ईझमेंट म्हणतात, सरकारी मराठीत सुविधाधिकार, गावात वहिवाट. त्याचा कायदा १८८२ चा आहे आणि अजून तोच चालू आहे. याच कायद्यात शेवटी आणखी एक प्रकार दिलाय, लायसन्स, म्हणजे साधी परवानगी (कलम ५२). दिसायला दोन्ही सारखंच, माणूस रानातनं जातो आणि येतो. पण वहिवाट जमिनीला चिकटते, मालक बदलला तरी राहते, आणि परवानगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर, एकदोन अपवाद सोडले तर तो कधीपण काढून घेऊ शकतो. आणि वर्षानुवर्षं वापरून वहिवाट मिळाली असं म्हणायचं असेल तर तो वापर "हक्क म्हणून" केलेला लागतो, कुणाची मेहरबानी म्हणून नाही. आता तुमच्या त्या कागदातले शब्द परत बघा, "परवानगी", "तात्पुरती", "चालू हंगामातील". उद्या कोर्टात गेलात तर समोरचा वकील पहिला कागद हाच काढणार, की बघा साहेब, यांनी स्वतःच मान्य केलंय आम्ही परवानगीनं जातो म्हणून. ते गृहस्थ वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांची माणुसकी खरी असेलही. पण "तात्पुरती" हा शब्द माणुसकीनं लिहिलेला नाही, कुणीतरी कायदा कळणाऱ्यानं लिहिलाय.

आता सातबाराचं. हा गैरसमज एवढा पसरलाय की मला दर दोन पत्रांत एकदा तरी भेटतो. सातबारा हा महसुलाचा कागद, त्यावर नोंद असली तर पुरावा म्हणून चांगलंच, पण नोंद नाही म्हणजे हक्क नाही असं कायद्यात कुठंच नाही. आपल्याकडच्या निम्म्या रानवाटा कुठल्याच उताऱ्यावर नाहीत आणि तरी त्यावरनं ऊस कारखान्याला जातोयच की. आणि तिकडं खरेदीखतात "निर्वेध, बोजारहित" असं लिहिलेलं असणार, ते सगळ्याच खरेदीखतांत असतं. पण विकणाऱ्याकडं जे होतं तेवढंच तो विकू शकतो. वहिवाटीचं ओझं असलेलं रान चुलत दिरांनी विकलं असेल तर ओझ्यासकट विकलं, आणि ते खरेदीदाराला सांगितलं नसेल तर त्या गृहस्थांचं भांडण त्यांच्याशी, तुमच्याशी नाही. हे त्यांना शांतपणे कुणीतरी सांगायला पाहिजे, कारण बऱ्याचदा शहरातनं जमीन घेणाऱ्याला खरंच माहीत नसतं, त्याला एजंटनं रविवारी जमीन दाखवलेली असते आणि रविवारी वाटेवर कोण नसतं.

पण ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचतंय. "कुणी कधी अडवलं नाही." का अडवलं नाही? सासऱ्यांचा जायचा हक्क होता म्हणून, का भाऊ होता म्हणून? तुम्हाला हा प्रश्न फालतू वाटेल पण अख्खी केस यावरच फिरू शकते. कलम १५ असं म्हणतं की शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वाट वापरली पाहिजे (सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं). वर्षं तुमच्याकडं भरपूर आहेत, पण भावाभावांतला वापर हा प्रेमाचा, संमतीचा होता असं समोरचे म्हणणार आणि कोर्टाला ते पटू शकतं. म्हणून सासऱ्यांना एकदा चहा घेताना नीट विचारा, दरवर्षी तोडीला थोरल्यांना विचारून जायचात का न विचारता? वाटेवर मुरूम कोण टाकायचं? थोरल्यांनी कधी पीक घेताना ती वाट नांगरली का सोडून नांगरली? सोडून नांगरली असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे. आणि उत्तर जे येईल ते खरंच लिहून ठेवा, सोयीचं नको, कारण उलटतपासणीत सोयीचं उत्तर टिकत नाही.

वीस वर्षांचा विषय निघालाच आहे तर घड्याळ पण बघून घ्या, कारण इथं लोक फसतात. ही २० वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपलेली असावी लागतात. म्हणजे गेट लागलं, तुम्ही बघू बघू म्हणत तीन वर्षं नदीकडनं डोक्यावरनं मोळ्या काढल्या आणि मग कोर्टात गेलात, तर आधीची चाळीस वर्षं या कलमाखाली कामाला येत नाहीत. आणि अडथळा माहीत असूनही वर्षभर निमूट सहन केला तर तो "खंड" धरला जातो. तेव्हा गप्प बसणं हा पण एक निर्णयच आहे हे सासऱ्यांना सांगा.

तुमचा खरा जोर मला मात्र दुसरीकडं दिसतो, १९८३ च्या वाटणीत. कलम १३ मध्ये गरजेची वहिवाट म्हणून प्रकार आहे. एक जमीन होती, तिची वाटणी झाली, आणि एका तुकड्याला दुसऱ्या तुकड्यातनं गेल्याशिवाय वाटच नाही, तर तशी वाट वाटणीबरोबरच मिळाली असं कायदा धरतो. इथं २० वर्षं मोजावी लागत नाहीत आणि प्रेमानं का हक्कानं हा वाद पण येत नाही. तुमची केस अशीच आहे, पण एक खोच आहे, ती नदीकडची पाणंद. या कलमात गरज म्हणजे अगदी नाइलाज, नुसती गैरसोय नाही. लांब पडतं, चिखल असतो, वळसा बसतो एवढं पुरत नाही. तेव्हा ती पाणंद खरोखर काय आहे हे आत्ताच पक्कं करा, नकाशात आहे का, किती फूट आहे, कुठं तुटते, पुराच्या पाण्यात किती दिवस असते. २०१९ आणि २०२१ चे फोटो घरात कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये असतीलच, ते शोधा, पाण्याखालची पाणंद दिसली पाहिजे. आणि गरजेची वहिवाट ही गरज असेपर्यंतच, उद्या नदीकडनं सरकारनं डांबरी रस्ता केला तर ती संपते, हेपण डोक्यात असू द्या.

वकील बहुतेक दोन्ही मुद्दे घेतील, गरजेचा पण आणि २० वर्षांचा पण, ते चालतं. चालत नाही ते दिराचं वाक्य, "वाट आमच्याच मालकीची". स्वतःच्या जमिनीवर वहिवाट नसते, वहिवाट कायम दुसऱ्याच्या जमिनीवर. म्हणजे ती पट्टी आमची असं म्हणालात की त्याच तोंडानं त्यावरनं जायचा हक्क मागता येत नाही. दिराला म्हणावं, जमीन त्यांचीच राहू दे, तुला चाकं जायला पाहिजेत, माती नको.

आणि पक्कडीचं. त्याच कायद्यात कलम ३६ आहे, वहिवाटीतला बेकायदा अडथळा हक्कदारानं स्वतः हटवायचा नाही. इतकं सरळ लिहिलंय. म्हणजे हक्क शंभर टक्के तुमचा असला तरी तार तोडायचा हक्क तुमचा नाही. वर नुकसानीचा गुन्हा, आणि तहसीलदारापुढं "हे दांडगाई करणारे लोक" अशी ओळख, विषय संपला.

मग जायचं कुठं? इथं जरा लक्ष देऊन वाचा कारण यात चुकीचा अर्ज करणारे मी लई बघितलेत. तहसीलदाराकडं दोन वेगळ्या वाटा आहेत. एक, मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, म्हणजे शेताला जायची वाट आधीपासून आहे आणि ती कुणीतरी अडवली आहे, ती मोकळी करून द्या. दुसरी, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३, म्हणजे मला शेताला जायला वाट नाही, दुसऱ्याच्या बांधावरनं द्या. गावात कुणालापण विचारा, "१४३ चा अर्ज टाका" एवढंच सांगतात, झेरॉक्सच्या दुकानात छापील नमुना पण मिळतो. पण तुम्ही १४३ मध्ये "आम्हाला वाट नाही" असं लिहून दिलं तर चाळीस वर्षांची वाट तुम्ही स्वतःच पुसली की हो. तुमची वाट आहे, अडवलीय, म्हणून तुमचा पहिला दरवाजा १९०६ चा. त्याला मुदत सहा महिने, अडवल्यापासनं. गणपतीनंतर कुलूप लागलंय म्हणजे मार्च उजाडेपर्यंत वेळ आहे असं समजून बसू नका, तहसीलला तारखा कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे, या महिन्यातच दाखल करा. स्थळपाहणी होईल, पंचनामा होईल, त्या दिवशी सासरे आणि शेजारचे दोन म्हातारे रानात हजर पाहिजेत. पंचनाम्यात चाकोरी दिसते का, वाटेच्या दोन्ही कडंचं गवत आणि मधली दाबलेली जमीन, गेटच्या आत वाट तशीच पुढं जाते का, हे लिहून घ्यायला लावा. कुंपण घातल्यावर लगेच कुणी नांगर फिरवला असेल तर तेपण.

१४३ दुसऱ्या नंबरला ठेवा, ते वाईट नाही. त्यात तहसीलदार शेतकऱ्याची गरज बघून बांधावरनं रस्ता देतात, रानाच्या मधनं नाही, आणि निर्णय पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. मे २०२५ मध्ये सरकारनं शेतरस्त्यांबद्दल निर्णय काढलाय, शक्य तिथं किमान तीन ते चार मीटर रुंदी आणि सातबाराच्या इतर हक्कात नोंद, त्याचा आधार अशा अर्जाला घेता येतो. आणि तिसरा दरवाजा दिवाणी कोर्टाचा, कसबा बावड्याला, तिथं हक्क कायमचा जाहीर करून मिळतो आणि मनाई हुकूम मिळतो. तोडीपुरता तात्पुरता हुकूम मागता येतो पण लागलेलं कुलूप दाव्याच्या सुरवातीलाच काढायला लावणं कोर्टाला जड जातं, केस फार स्वच्छ असेल तरच. हुकूम मिळाला आणि समोरच्यानं मोडला तर मालमत्ता जप्ती आणि दिवाणी कैदेपर्यंत जातं, तेव्हा हुकूम म्हणजे नुसता कागद नसतो. वरचं अपील लागलंच तर ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, मुंबईच्या गाडीचा खर्च वाचला, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये.

दाव्यात काय लिहिता हे फार महत्त्वाचं. "पूर्वापार वाट आहे" या दोन शब्दांवर केस चालत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आलाय, वाद महाराष्ट्रातल्याच रस्त्याचा, त्यात रस्ता मागणारे हरले, कारण नेमकी किती वर्षं वापर होता ते दाव्यात नीट लिहिलेलं नव्हतं, पर्यायी रस्ता होता, आणि साक्ष दिली ती मुखत्यारपत्रवाल्यानं, ज्याला जुनी स्वतःची माहिती नव्हती. यातलं शेवटचं तुमच्यासाठी. तुमच्या मिस्टरांच्या नावानं मुखत्यारपत्र करून सासऱ्यांना घरी बसवायचा विचार असेल तर सोडा. १९८३ बघितलेला माणूस सासरेच, पिंजऱ्यात त्यांनाच उभं राहावं लागेल.

कागद गोळा करा. वाटणीचा फेरफार, दोन्ही गटांचे जुने सातबारा, गट नकाशा, जमीन एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट केले त्याच्या) आधीचा सर्व्हे नकाशा मिळाला तर फारच छान, त्यात कधीकधी गाडीवाट तुटक रेघेनं दाखवलेली असते. कारखान्याच्या वजन पावत्या तर नक्की काढा, सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत असतील, नाहीतर गट ऑफिसला खात्याचा उतारा मागा. त्या का, तर कलम २८ म्हणतं एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, म्हणजे नुसतं पायी जायचा हक्क सिद्ध झाला तर ट्रॅक्टर त्यात बसत नाही. वजन पावतीवर वाहनाचा प्रकार असतो, बैलगाडी का ट्रॅक्टर का ट्रक. वीस वर्षांच्या ट्रॉलीच्या पावत्या असतील तर एवढा ऊस हेलिकॉप्टरनं तर गेला नाही. जुन्या सॅटेलाइट फोटोत पण वाटेची रेघ दिसू शकते, शाळेतल्या कुणा पोराला बसवा, तो दहा मिनिटांत काढून देईल.

आता हे सगळं असूनसुद्धा मी म्हणेन की त्या गृहस्थांशी एकदा बसाच, पण अर्ज दाखल करून मग बसा, आधी नाही. त्यांची अडचण काय असेल बघा, फार्महाऊसच्या दारातनं ट्रॉल्या जायला नकोत एवढीच असेल. गरजेच्या वाटेत ती कुठनं द्यायची हे दाखवायचा पहिला मान कायदा रानमालकालाच देतो, फक्त ती बऱ्यापैकी सोयीची पाहिजे. तेव्हा मधली वाट सोडून बांधाकडेनं बारा फूट चालंल असं तुम्हीच म्हणा. गेट राहू दे, कुत्री-गुरं येतात हे त्यांचंपण खरं, पण कुलपाची एक किल्ली तुमच्याकडं कायम. मुरुमाचा खर्च तुम्ही करा, थोडाफार मोबदला मागितला तर तोपण बघा, कोर्टापेक्षा स्वस्तच पडेल. मग मोजणीवाल्याकडनं पट्टीचा नकाशा करून त्यात लांबी-रुंदी घालून, कुठली वाहनं ते लिहून, "कायम व पुढील मालकांवर बंधनकारक" असा मार्गहक्काचा दस्त दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करा, नोटरी नको, आणि दोन्ही सातबारांवर इतर हक्कात नोंद. अशी दिलेली वाट गरज संपली म्हणून संपत नाही, म्हणून मला ती सगळ्यात पसंत. दस्तात मात्र "परवानगी" शब्द दिसला तर सही थांबवा.

राहिला या वर्षीचा ऊस. चिटबॉयला (कारखान्याचा, तोडीचा नंबर बघणारा माणूस) आत्ताच सांगून ठेवा की वाटेचा वाद आहे, तोडीचा नंबर पुढंमागं होतो का बघ. टोळी आली आणि हुकूम आलेला नसला तर ऊस वाळवायचा नाही, गेट उघडून घ्यायचं, पण त्यांच्या कागदावर नाही, तुमच्या मेसेजवर. सासऱ्यांच्या नंबरवरनं व्हॉट्सॲपला एवढंच टाका: "आमचा १९८३ पासूनचा वहिवाटीचा हक्क व दाखल केलेला दावा राखून, तोडीसाठी गेट अमुक तारखेपासून उघडून द्यावे." खाली "विनंती" नको, "कृपया परवानगी" नको. स्क्रीनशॉट काढून वकिलाला पाठवा, आणि तो स्टॅम्प पेपर फाडू नका, सही न करता तसाच फाईलला लावा, वाट अडवल्याचा तोच तर त्यांच्या हातचा पुरावा आहे.